कर्नलमधली मेमरी गळती: शोधायची कशी, बुजवायची कशी

साध्या प्रोग्रॅममधून मेमरी गळत असेल तर तो बंद केला की काम भागतं. प्रोसेस संपली की तिची सगळी पानं (मेमरीचे ठरावीक आकाराचे तुकडे) कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, परत घेतो. पण मेमरी कर्नलनेच घेतली आणि सोडायची राहून गेली, तर ती परत घेणारा त्याच्या वर कुणी नाही. ती मशीन रीबूट होईपर्यंत गेली ती गेलीच.

हा लेख लिनक्स कर्नलपुरता आहे. गळती आहे की नाही हे ठरवण्यापासून ती बुजवून कळवण्यापर्यंतचा क्रम यात दिला आहे. कमांड आणि फाइलींची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलवर ती नेहमीच्या स्पेलिंगने टाइप करायची.

एक गल्लत आधीच दूर करू. ‘मेमरी लीक’ म्हणजे घेतलेली मेमरी परत न करणं. कर्नलच्या मेमरीतला मजकूर बाहेरच्याला वाचता येणं हा माहितीच्या गळतीचा, वेगळा प्रकार आहे. बातम्यांत दोन्हींना सर्रास ‘लीक’ म्हणतात, पण दोन्हींचं निदान आणि उपाय वेगळे आहेत. इथे पहिल्याबद्दलच बोलू.

गळती सुरक्षेची त्रुटी कधी ठरते

बूट होताना एखाद्या ड्रायव्हरने एकदाच 64 बाइट सांडले तर ती गबाळी कामगिरी झाली, धोका नाही. धोका आहे का हे तीन प्रश्नांवर ठरतं. ती वाट रूट (सर्वाधिकारी युजर) नसलेल्या साध्या युजरला चालवता येते का? हवी तितक्या वेळा चालवता येते का? आणि सांडलेली मेमरी कुणाच्या खात्यावर पडते?

दुसऱ्या प्रश्नाचा हिशेब करून बघा. एका सिस्टिम कॉलमागे (प्रोग्रॅमने कर्नलकडे केलेल्या मागणीमागे) 64 बाइट आणि सेकंदाला 1 लाख कॉल, म्हणजे सेकंदाला 6.4 एमबी. 8 जीबीचं मशीन साधारण 21 मिनिटांत आडवं. 64 बाइट ऐकायला किरकोळ वाटतात, म्हणूनच अशा त्रुटी वर्षानुवर्षं कोडमध्ये पडून राहतात.

तिसरा प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत. कर्नलने मेमरी घेताना ‘अकाउंट’ असा झेंडा (फ्लॅग) लावला असेल तर ती मागणाऱ्या प्रोसेसच्या सीग्रूपच्या, म्हणजे मर्यादा घालता येणाऱ्या प्रोसेस-गटाच्या, खात्यावर चढते. अशा वेळी 512 एमबीची मर्यादा असलेला कंटेनर स्वतःच मरतो, शेजारी शाबूत राहतात. झेंडा नसेल तर कंटेनरला कितीही मर्यादा घाला, पाणी होस्टच्याच टाकीतून जातं. नव्या कर्नलमध्ये हे ओळखणं सोपं आहे: 5.14 पासून खात्यावर चढणाऱ्या साध्या वाटपांचे कॅशे (एकाच आकाराच्या वस्तूंचे साठे) ‘केमॅलॉक-सीजी-’ या नावाने वेगळे दिसतात.

पायरी 1: खरंच गळती आहे का

‘फ्री मेमरी कमी झाली’ ही तक्रार नव्याण्णव वेळा खोटी निघते. लिनक्स रिकामी मेमरी फाइलींच्या कॅशेसाठी वापरतो आणि गरज पडली की सोडतो. म्हणून /प्रॉक/मेमइन्फोमधला ‘मेमफ्री’ बघू नका, ‘मेमअव्हेलेबल’ बघा. तो सतत उतरत असेल तर पुढच्या ओळींकडे वळा.

‘स्लॅब’, म्हणजे कर्नलने स्वतःच्या छोट्या वस्तूंसाठी घेतलेली मेमरी, या आकड्याचे दोन भाग असतात. ‘एसरिक्लेमेबल’ म्हणजे मागितल्यावर परत मिळणारी मेमरी, ‘एसअनरिक्लेम’ म्हणजे न मिळणारी. संशयित दुसरा. पहिला फुगलेला दिसला तर बहुतेक वेळा डेंट्री आणि आयनोड कॅशे (फाइलींची नावं आणि माहिती यांचे साठे) असतात. लाखो फाइलींवरून ‘फाइंड’ फिरवलं की ते फुगणारच. खात्री करायची तर आधी ‘सिंक’ चालवा आणि मग /प्रॉक/सिस/व्हीएम/ड्रॉप_कॅशेसमध्ये 2 लिहा. आकडा कोसळला तर गळती नाही. हा प्रयोग चालू सर्व्हरवर भर दुपारी करू नका, कारण कॅशे पुन्हा भरेपर्यंत डिस्क धापा टाकते.

दर 10 मिनिटांनी मेमइन्फो एका फाइलीत साठवत जा, निदान 24 तास. नुसती वाढ हा पुरावा होत नाही, उतार बघायचा असतो. लोड वाढला की एसअनरिक्लेम वाढतो आणि लोड ओसरल्यावर स्थिरावतो, हे ठीक आहे. लोड ओसरूनही तो खाली येत नाही आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे चढतो, तर गळती धरून चाला.

मग ‘स्लॅबटॉप’ला आकारानुसार क्रम लावा आणि तासाभराच्या अंतराने दोनदा टिपून कोणता कॅशे चढतोय ते पाहा. इथे एक फसवणूक आहे. सारख्या आकाराचे कॅशे कर्नल एकत्र करून टाकतो, त्यामुळे एका नावाखाली भलत्याचाच माल दिसतो. बूट करताना ‘स्लॅब_नोमर्ज’ दिलं की प्रत्येकाची चूल वेगळी होते.

स्लॅब स्थिर आहे, तरी मेमरी जातेय? मग कुणीतरी थेट पानं घेतंय. मेमटोटलमधून मेमफ्री, बफर, कॅशे, ॲनॉनपेजेस, स्लॅब, कर्नलस्टॅक, पेजटेबल्स, पर-सीपीयू, व्हीमॅलॉक आणि ह्यूजपेजेस वजा करा. उरलेली रक्कम दिवसागणिक वाढत असेल तर गळती पानांच्या पातळीवर आहे. त्यासाठी ‘पेज_ओनर’ची सोय बांधलेला कर्नल लागतो; बूट करताना ‘पेज_ओनर=ऑन’ द्या आणि डीबगएफएसमधली (कर्नलच्या डीबगिंगसाठीच्या आभासी फाइल सिस्टिममधली) त्याच नावाची फाइल कर्नलसोबत येणाऱ्या ‘पेज_ओनर_सॉर्ट’मधून काढा. कोणत्या कॉलच्या साखळीने किती पानं घेतली ते जास्तीपासून कमीपर्यंत समोर येतं.

पायरी 2: प्रयोगाचं मशीन

पुढचं सगळं क्यूएमूच्या व्हर्च्युअल मशीनमध्येच करा. 2 कोअर आणि 4 जीबी रॅम पुरे. 2 जीबीत केमेमलीक (कर्नलचा गळती-शोधक) चालतो, पण सोबत कासान (मेमरीचा चुकीचा वापर पकडणारं साधन) लावला की जीव गुदमरतो. डेफकॉन्फिगवर (कर्नलच्या ठरीव कॉन्फिगवर) केव्हीएम गेस्टची कॉन्फिग चढवा आणि हे पर्याय चालू करा: डीबग_केमेमलीक, डीबग_एफएस, डीबग_इन्फो, फॉल्ट_इंजेक्शन, फेलस्लॅब आणि फॉल्ट_इंजेक्शन_डीबग_एफएस.

केमेमलीक 2009 साली 2.6.31 मध्ये कर्नलमध्ये आला. त्याची युक्ती कचरा गोळा करणाऱ्या भाषांसारखीच आहे. प्रत्येक वाटपाची नोंद ठेवायची, मग कर्नलचा डेटा विभाग आणि स्टॅक चाळून कुठे त्या वस्तूचा पत्ता सापडतो का ते बघायचं. जिचा पत्ता कुठेच नाही ती अनाथ. अनाथ वस्तू कुणी कधीच सोडू शकणार नाही, कारण ती कुठे आहे हेच कुणाला माहीत नाही.

बूटनंतर डीमेसेज (कर्नलचा लॉग) नक्की बघा. सुरुवातीच्या नोंदींचा साठा अपुरा पडला तर केमेमलीक स्वतःला बंद करून घेतो आणि रीबूटशिवाय पुन्हा चालू होत नाही. अनेक जण बंद पडलेल्या केमेमलीकसमोर तासभर चाचण्या चालवून ‘गळती नाही’ असा निष्कर्ष काढतात. बंद पडल्याची ओळ दिसली तर या साठ्याचा, म्हणजे मेमपूलचा, आकार 16000 वरून 40000 वर न्या आणि पुन्हा बिल्ड करा.

पायरी 3: पकडणं

क्रम महत्त्वाचा आहे. /सिस/कर्नल/डीबग/केमेमलीक या फाइलीत ‘स्कॅन’ दोनदा लिहा, मग ‘क्लिअर’. याने बूटच्या वेळचे जुने संशयित यादीतून उतरतात. आता चाचणी चालवा. संपल्यावर 10 सेकंद थांबा, कारण 5 सेकंदांपेक्षा कोवळ्या वस्तूंना केमेमलीक संशयित धरत नाही. मग पुन्हा दोनदा स्कॅन आणि फाइल वाचा. दोनदा का? पहिल्या फेरीत तो वस्तूतल्या मजकुराचा चेकसम घेतो. मजकूर बदलत असेल तर कुणीतरी ती वापरतंय असं मानून सोडून देतो. दुसऱ्या फेरीत चेकसम तोच राहिला तरच नाव यादीत येतं. स्वतःहून तो दर 10 मिनिटांनी स्कॅन करतो, तेवढी वाट बघायची गरज नाही.

एक नमुना जवळून बघू. समजा, एका ड्रायव्हरच्या आयऑक्टलमध्ये (ड्रायव्हरला आज्ञा देणाऱ्या सिस्टिम कॉलमध्ये) 1024 बाइटचं स्ट्रक्चर ‘केझॲलॉक’ने घेतलं आहे. पुढच्या ओळीत ‘कॉपी_फ्रॉम_युजर’ युजरचा डेटा त्यात उतरवतं. ते फसलं तर फंक्शन उणे 14, म्हणजे ‘ईफॉल्ट’, देऊन परत जातं आणि मेमरी सोडणारं ‘केफ्री’ राहून जातं. युजरने मुद्दाम मॅप नसलेला पत्ता दिला की प्रत्येक कॉलला 1 केबी गेला. 10,000 कॉल, जवळजवळ 10 एमबी.

केमेमलीकच्या अहवालात या वस्तूची नोंद अशी वाचायची. आकार 1024. कॉमसमोर तुमच्या चाचणीचं नाव आणि पीआयडी. जिफीजचा, म्हणजे कर्नलच्या घड्याळाच्या टिकटिकींचा, आकडा 429 कोटींच्या घरात दिसला तर दचकू नका; काउंटर लवकर पलटी खावा आणि त्यातल्या चुका उघड व्हाव्यात म्हणून कर्नल त्याची सुरुवातच पलटीच्या 5 मिनिटं आधीपासून करतो. त्याखाली पहिल्या 32 बाइटचा हेक्स डंप: सगळी शून्यं. लोक हा डंप न वाचताच पुढे जातात, पण इथे तो बोलतोय. केझॲलॉकने पुसून दिलेली जागा तशीच आहे, म्हणजे ती भरण्याआधीच टाकून दिली गेली. चूक वाटप आणि पहिल्या वापराच्या मधल्या दोनचार ओळींत आहे.

शेवटी बॅकट्रेस, म्हणजे वाटपापर्यंत पोचलेल्या फंक्शन कॉलची साखळी. कर्नलसोबतच्या ‘फॅडर2लाइन’ने त्यातल्या नावांवरून ओळ क्रमांक काढा. बॅकट्रेस वस्तूचा जन्म कुठे झाला ते सांगतो. ती हरवली कुठे ते नाही. जन्मापासून पुढे प्रत्येक ‘रिटर्न’पर्यंत कोड हाताने वाचावा लागतो.

आकाराबद्दल थोडं: 72 बाइट मागितले तरी अहवालात 96 दिसतील, कारण वाटप ठरलेल्या मापांत होतं. आकारावरून स्ट्रक्चर शोधताना हे लक्षात ठेवा.

खोटे संशयितही येतात. पॉइंटरच्या काही बिटांत इतर माहिती कोंबली असेल किंवा फक्त फिजिकल पत्ता जपून ठेवला असेल तर केमेमलीकला तो दिसत नाही. आणखी काही वेळा स्कॅन करूनही नाव टिकतंय का, आणि चाचणी दुप्पट केली की नोंदीही दुप्पट होतात का, हे पाहा. दुप्पट झाल्या तर शंका उरत नाही.

पायरी 4: चुकीच्या वाटेवर मुद्दाम ढकलणं

कर्नलमधली गळती सरळ वाटेवर क्वचितच असते. ती वाट रोज लाखो वेळा चालते. तिथे भोक असतं तर पहिल्या आठवड्यात कळलं असतं. गळती असते ती चार पायऱ्यांपैकी तिसरी फसली तर पहिल्या दोन उलगडण्याच्या कोडमध्ये, आणि तो कोड बहुधा एकदाही चाललेला नसतो.

त्याला चालवायची सोय कर्नलमध्येच आहे: /प्रॉक/सेल्फ/फेल-एनथ. या फाइलीत 1 लिहिलं की त्या टास्कचं पुढचं पहिलं वाटप मुद्दाम फसतं, 2 लिहिलं की दुसरं. चाचणीचा लूप असा: आकडा लिहा, सिस्टिम कॉल करा, फाइल परत वाचा. 0 मिळाला तर वाटप फसवलं गेलं. आकडा एकने वाढवून पुढची फेरी. 0 ऐवजी मोठा आकडा मिळाला तर त्या कॉलमधली वाटपं संपली, थांबा. आधी डीबगएफएसमधल्या फेलस्लॅबखाली ‘इग्नोर-जीएफपी-वेट’मध्ये ‘एन’ लिहायला विसरू नका. ते ‘वाय’ असेल तर थांबू शकणारी नेहमीची वाटपं फसतच नाहीत आणि सगळं आलबेल दिसतं.

प्रत्येक आकड्यानंतर केमेमलीकच्या दोन फेऱ्या. एका साध्या सॉकेट कॉलला यात बराच वेळ जातो, पण हाताने कोड वाचून जे महिन्याभरात दिसत नाही ते इथे एका दुपारी दिसतं.

जिथे केमेमलीक गप्प बसतो

सगळ्यात वाईट गळती बाइटची नसते, मोजणीची असते. सीव्हीई-2016-0728 हे त्याचं चोख उदाहरण (सीव्हीई म्हणजे जाहीर सुरक्षा त्रुटीला मिळणारा क्रमांक). परसेप्शन पॉइंट या कंपनीने जानेवारी 2016 मध्ये ते उघड केलं, चूक 3.8 पासून कर्नलमध्ये होती.

प्रोसेसला स्वतःचं सेशन कीरिंग (कर्नलने सांभाळलेल्या किल्ल्यांचा जुडगा) बदलता येतं, ‘कीसीटीएल’ या सिस्टिम कॉलने. कर्नल दिलेल्या नावाचं कीरिंग शोधतो आणि शोधतानाच त्याची वापर-मोजणी, म्हणजे ते किती जण वापरतात याचा आकडा, एकने वाढवतो. सापडलेलं कीरिंग प्रोसेसकडे आधीपासून असलेलंच निघालं तर बदलायचं काहीच नसतं. कोड तिथून थेट बाहेर पडायचा आणि वाढवलेला एक परत करायचा राहून जायचा. दुरुस्ती एका ओळीची होती: बाहेर पडण्याआधी ‘की_पुट’.

या गळतीत नवी मेमरी जातच नाही. एकच कीरिंग, जागच्या जागी, फक्त मोजणी चढतेय. शिवाय ते कीरिंग कर्नलच्या जागतिक यादीत असतं, म्हणजे त्याचा पत्ता शाबूत आणि केमेमलीकच्या लेखी सगळं ठीक. दिसतं ते /प्रॉक/कीजमध्ये, तिसऱ्या रकान्यात: 100 वेळा कॉल केला की मोजणी शंभराच्या घरात, आणि प्रोग्रॅम संपला तरी तशीच.

मोजणी 32 बिटांची होती. 4,29,49,67,296 वेळा वाढली की ती फिरून 0 वर येते. कर्नलला वाटतं कीरिंग कुणाचंच नाही, आणि तो ते मोकळं करतो. प्रोसेसकडे मात्र त्याचा पॉइंटर असतोच. त्याच जागी आपला डेटा बसवला की साधा युजर रूट होतो. शोधणाऱ्यांच्या नोंदीप्रमाणे इंटेल कोअर आय7-5500 वर याला सुमारे 30 मिनिटं लागली. म्हणजे सेकंदाला जवळपास 24 लाख वाढी.

कर्नलने यावरचा कायमचा इलाज 2017 मध्ये 4.11 पासून आणला. ‘रेफकाउंट_टी’ हा मोजणीचा प्रकार टोकाला पोचला की फिरत नाही, तिथेच अडकून बसतो आणि डीमेसेजमध्ये स्पष्ट लिहितो की मोजणी भरली, आता मेमरी गळू देतोय. दोन संकटांतून कर्नलने जाणूनबुजून गळती निवडली आहे. तुमच्या लॉगमध्ये ही ओळ दिसली तर कुठेतरी ‘पुट’, म्हणजे मोजणी कमी करणारा कॉल, राहून जातोय हे नक्की.

जुन्या ड्रायव्हरमध्ये साधा ‘ॲटॉमिक_टी’ मोजणीला वापरलेला दिसला तर तिथे ‘गेट’ (मोजणी वाढवणारा कॉल) आणि ‘पुट’च्या जोड्या हाताने जुळवा.

पायरी 5: बुजवणं

कर्नलची पद्धत ठरलेली आहे: ज्या क्रमाने घेतलं त्याच्या उलट क्रमाने सोडायचं, ‘गोटू’च्या लेबलांच्या उतरंडीने. नवीन वाटप मध्येच घातलं की खालच्या सगळ्या ‘गोटू’ची लेबलं तपासायची. निम्म्या गळत्या याच तपासणीच्या आळसातून येतात असं म्हटलं तरी चालेल. युजरकडून डेटा उतरवायचाच असेल तर वरच्या नमुन्यातली दोन पावलं ‘मेमडप_युजर’ एकात करतो आणि फसल्यास स्वतःच सोडतो. कर्नल 6.5 पासून ‘क्लीनअप’ हेडरमुळे व्हेरिएबल व्याप्तीबाहेर गेला की आपोआप केफ्री होण्याची सोयही आली. पण पॉइंटर दुसऱ्याच्या हवाली करताना ‘नो_फ्री_पीटीआर’ लावायला विसरलात तर दिलेली वस्तूच मोकळी होते.

दोन जागा हमखास फसवतात. ‘डिव्हाइस_रजिस्टर’ फसलं तरी मोजणी सुरू झालेली असते, तिथे केफ्री नको, ‘पुट_डिव्हाइस’ हवं. आणि डिव्हाइस ट्रीच्या (हार्डवेअरचं वर्णन करणाऱ्या झाडाच्या) मुलांवरून फिरणाऱ्या लूपमधून मध्येच ‘रिटर्न’ केलं तर हातातल्या नोडचा ‘ओएफ_नोड_पुट’ तुम्हालाच करावा लागतो. लूप पूर्ण झाला तर तो आपोआप होतो, म्हणून चाचणीत कधी कळत नाही.

पॅच लावल्यावर कासान चालू ठेवून तीच चाचणी चालवा. गळती बुजवायच्या नादात दोनदा मोकळं करणं ही सर्रास होणारी चूक आहे आणि ती मूळ गळतीपेक्षा घातक आहे.

मग मोजमाप, यावेळी फॉल्ट इंजेक्शन, केमेमलीक आणि कासान नसलेल्या बिल्डवर. 1 लाख कॉल करून मशीन तापवा, एसअनरिक्लेम आणि स्लॅबटॉपमधला ऑब्जेक्टचा आकडा टिपा, 10 लाख कॉल करा, 10 सेकंद थांबून पुन्हा टिपा. थांबायचं कारण आरसीयू, म्हणजे वाचणारे संपेपर्यंत मेमरी सोडणं लांबवणारी कर्नलची पद्धत: ‘केफ्री_आरसीयू’ने सोडलेली मेमरी लगेच परत येत नाही. काहीशे ऑब्जेक्टचा फरक दुर्लक्षित करा; प्रत्येक सीपीयूच्या हाताशी असलेली अर्धवट पानं वापरात धरली जातात. 10 लाख कॉलना 10 लाख ऑब्जेक्ट वाढले तर पॅच चुकीच्या जागी आहे.

चालू सर्व्हरवर

तिथे केमेमलीक नको, फार हळू होतं. बीसीसी या चालू कर्नल निरखण्याच्या साधनांच्या संचातलं ‘मेमलीक’ पीआयडी न देता चालवलं की कर्नलची वाटपं पाहतं. डेबियन आणि उबुंटूवर त्याचं नाव ‘मेमलीक-बीपीएफसीसी’. वय 60,000 मिलिसेकंदांपेक्षा जास्त असलेलीच वाटपं दाखवायला सांगा, नाहीतर यादी नुसत्या गर्दीने भरते. कर्नल 6.10 किंवा पुढचा असेल आणि मेमरी ॲलोकेशन प्रोफायलिंग बांधलेलं असेल तर त्याहून सोपं आहे: /प्रॉक/ॲलोकइन्फोमध्ये कोडच्या प्रत्येक ओळीसमोर तिने घेतलेले बाइट दिसतात. आकड्यांनुसार क्रम लावून शेवटच्या 20 ओळी तासातासाने टिपा.

पॅच येईपर्यंत वाट अडवायची. गळका मॉड्यूल नको असेल तर /ईटीसी/मॉडप्रोब.डीमध्ये त्याच्या ‘इन्स्टॉल’ला ‘/बिन/फॉल्स’ जोडा. नुसत्या ब्लॅकलिस्टने दुसरा कुणी नावाने मागितल्यास तो चढतोच. कंटेनरमध्ये सेककॉम्प (नको ते सिस्टिम कॉल अडवणारी गाळणी) लावा. डॉकरच्या मूळ प्रोफाइलमध्ये कीसीटीएल बंदच असतो. नेटफिल्टरसारख्या (कर्नलच्या फायरवॉलसारख्या) भागातली गळती असेल तर साध्या युजरला युजर नेमस्पेस (आत स्वतःपुरते रूटचे अधिकार देणारा कप्पा) बनवू देणं बंद करा, ‘युजर.मॅक्स_युजर_नेमस्पेसेस’ 0 करून. त्याने ब्राउझरचा सँडबॉक्स आणि रूटलेस कंटेनर मोडू शकतात, तेव्हा डेस्कटॉपवर आधी तपासा.

कळवणं

साध्या युजरला चालवता येणारी गळती असेल तर आधी कर्नलच्या सुरक्षा गटाला आणि त्या भागाच्या मेंटेनरला साध्या मजकुराचं ईमेल करा: कर्नलची आवृत्ती, कॉन्फिग, चाचणीचा सी कोड, बॅकट्रेस, आणि जमल्यास पॅच. फक्त रूटलाच चालवता येत असेल तर सरळ जाहीर मेलिंग लिस्टवर पाठवा. पत्ते ‘गेट_मेंटेनर’ स्क्रिप्ट देते. पॅचमध्ये ‘फिक्सेस’ ओळीत चूक आणणाऱ्या कमिटच्या हॅशची पहिली 12 अक्षरं आणि स्टेबल गटाची सीसी हवीच. ती नसेल तर जुन्या आवृत्त्यांपर्यंत दुरुस्ती पोचायला उशीर होतो.

सीव्हीई क्रमांक मागत बसू नका. फेब्रुवारी 2024 पासून कर्नल प्रकल्प तो स्वतः देतो, दुरुस्ती स्टेबलमध्ये आल्यावर. त्यामुळे आता छोट्या गळत्यांनाही क्रमांक मिळतात आणि स्कॅनरच्या यादीत त्या तीव्रतेच्या 5.5 गुणांनी ओळीने उभ्या दिसतात. कोणती आधी बुजवायची हे त्या गुणांवरून कळत नाही. तो मॉड्यूल तुमच्या मशीनवर लोड आहे का आणि ती वाट साध्या युजरला उघडी आहे का, हे बघून ठरवा.